ड्रायव्हरला कुठला स्क्रू? दोन टॉप आणि एका बुकशेल्फ जोडीच्या कामाच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

सोसायटीच्या गणपती मंडळाचे दोन टॉप, म्हणजे मोठे स्पीकर, घरी आणले. बारा इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा गोल भाग), वर हॉर्न (बारीक आवाजाचा भोंगा), १८ मिमी प्लायची पेटी, पुढे लोखंडी जाळी. तक्रार एकच: आवाज वाढवला की फर्र होतं. आतली तारेची कॉइल घासतेय, कोन (पुढचा हलणारा पडदा) बदलावा लागणार, असं मंडळाने ठरवूनच टाकलं होतं आणि वर्गणीतून पैसेही काढून ठेवले होते.

जाळी उतरवली, ड्रायव्हरच्या कडेवर अंगठा दाबला, तर अख्खा ड्रायव्हरच डुगडुगतोय. कोन हाताने सावकाश आत ढकलला, कुठेही घासत नाही. आठ स्क्रूंपैकी तिघांनीच लाकूड धरलेलं, बाकीचे भोकात नुसते उभे. एक तर दोन बोटांच्या चिमटीत धरून वर आला, आट्यांमध्ये प्लायचा भुसा भरलेला.

पेटी बनवणाऱ्याने काळे जिप्सम स्क्रू मारलेत. हा स्क्रू जिप्सम बोर्ड लोखंडी किंवा लाकडी चौकटीवर ठोकायला बनलेला. कडक पाणी दिलेला, त्यामुळे ठिसूळ. डोकं खाली तुतारीसारखं निमुळतं, कारण त्याला बोर्डाच्या कागदात रुतून बसायचं असतं. ड्रायव्हरच्या चपट्या कडेवर ते डोकं नीट बसत नाही. भोकाच्या काठावर पाचरीसारखं अडकतं, आणि आवळाल तसं कडेला बाजूला रेटतं. इथे तेच झालंय. भोकांच्या काठावरचा रंग एकाच बाजूने उडालाय.

माझ्या बुकशेल्फ जोडीच्या, म्हणजे घरातल्या दोन छोट्या स्पीकरच्या, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) पेट्याही मिस्त्रींकडून तयार होऊन आल्यात. साडेसहा इंची वूफर (जाड आवाजाचा ड्रायव्हर), एक इंची डोम ट्वीटर (बारीक आवाजाचा, घुमटासारख्या पडद्याचा). दोन्ही कामं एकदमच घ्यायची. म्हणून ही वही.

८ जून

खरेदीआधी आकडेमोड. इथे बहुतेक लोक "ड्रायव्हर जड आहे, जाड स्क्रू लाव" एवढ्यावर थांबतात. पण स्क्रूवर नेमका किती ताण येतो?

बारा इंची ड्रायव्हरचा हलणारा भाग, म्हणजे कोन, कॉइल आणि त्याला चिकटलेलं सगळं, धरा ६० ग्रॅम. ६० हर्ट्झला तो मधल्या जागेपासून ४ मिमी पुढे-मागे जातोय. कोनीय वेग ३७७, त्याचा वर्ग साधारण १ लाख ४२ हजार, गुणिले ०.००४ मीटर: त्वरण ५६८ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुणिले ०.०६ किलो, म्हणजे ३४ न्यूटन. साडेतीन किलो वजनाइतकी ओढ, तीही आठ ठिकाणी वाटलेली. एका स्क्रूच्या वाट्याला अर्धा किलोसुद्धा येत नाही.

ड्रायव्हरचं स्वतःचं वजन? सहा किलो, गुरुत्वमध्य फळीपासून साधारण ९ सेंमी मागे. त्याची मागची बाजू खाली झुकायला बघते, त्यामुळे खालच्या स्क्रूंवर मिळून दोन किलोच्या आसपास ओढ. तीही किरकोळ.

आता दुसरी बाजू. ८.८ ग्रेडचा एम-५ (५ मिमी जाडीचा) बोल्ट कायमचा न ताणता ८ हजार न्यूटनपेक्षा जास्त, म्हणजे आठशे किलोंच्या वर ओढ झेलतो. अर्धा किलो कुठे आणि आठशे किलो कुठे. मजबुतीच्या हिशेबाने बघितलं तर कुठलाही स्क्रू चालेल.

मग हे स्क्रू सुटले कशाने? दोनच कारणं दिसतात. एक, ड्रायव्हर वारंवार काढला-घातला गेला. दर वर्षी गणपतीच्या तोंडावर कुणीतरी "एकदा बघून घेऊ" म्हणून उघडतं आणि दर वेळी प्लायमधले आटे थोडे थोडे खाल्ले जातात. दुसरं, टेम्पो. पेटी फाळक्यावरून अर्धा मीटर खाली आली आणि अडीच सेंमीत थांबली, तर धक्का गुरुत्वाच्या वीसपट. सहा किलोचा ड्रायव्हर त्या क्षणापुरता १२० किलोंचा होतो. आवाजाने सुटत नाहीत ते स्क्रू रस्त्यात सुटतात.

तेव्हा प्रश्न असा ठरला: हा ड्रायव्हर किती वेळा निघणार आहे, आणि पेटी कशातून फिरणार आहे? टॉपचं उत्तर एक, बुकशेल्फचं वेगळं.

१४ जून

बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानी. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय, त्यामुळे आळीत चिखल आणि छत्र्यांची धक्काबुक्की. दुकानदाराला ड्रायव्हरच्या कडेचं मोजमाप कागदावर काढून दाखवलं. टॉपसाठी टी-नट हवे होते: फळीत मागून दात्यांनी रुतणारी चकती आणि तिला आट्यांची नळी, पुढून आलेला बोल्ट तिच्यात बसतो.

"काका, स्पीकरला लावायचेत. मागून टी-नट, पुढून ॲलन बोल्ट. एम-५."

"काळे की एसएस?"

"एसएसमध्ये गोल टोपीचे आहेत का?"

"आहेत. पण स्पीकरवाले सगळे काळेच नेतात."

नेतात खरे. काळ्या फळीवर काळं डोकं दिसत नाही, आणि स्वस्तही पडतं. पण तो काळा थर फक्त रंगापुरता असतो. तेल सुकलं की एका पावसाळ्यात तांबूस व्हायला लागतो. मंडळाचे टॉप वर्षातले दहा महिने पार्किंगच्या खोलीत असतात, भिंतीला ओल. त्यांना स्टेनलेसच. घरातल्या जोडीला काळे चालले असते, पण त्यांना बोल्ट लागणार की नाही हेच अजून ठरायचंय.

डोक्यांचे तीन प्रकार समोर ठेवून बघितले. दंडगोल डोक्याचा ॲलन बोल्ट: एम-५ला डोकं साडेआठ मिमी रुंद, पाच मिमी उंच, ४ मिमीची ॲलन की (षटकोनी चावी). गोल टोपीचा: साडेनऊ मिमी रुंद, उंची पावणेतीन मिमी, ३ मिमीची की. आणि बसक्या शंकूच्या डोक्याचा, म्हणजे काउंटरसंक. तिसरा लगेच बाजूला सारला. कडेच्या भोकाला शंकूची खाच नसेल तर जिप्सम स्क्रूचीच गोष्ट पुन्हा. खाच असलेले ड्रायव्हर असतात, पण माझ्याकडच्या दोन्हींना नाही.

गोल टोपी दिसायला छान, जाळीखाली जागाही कमी खाते. पण की लहान, खाच उथळ. स्टेनलेस मऊ असतं, आणि घाईत अर्धवट घातलेली की फिरली की आतला षटकोन गोल होऊन बसतो. मग तो बोल्ट काढायला ड्रिल लागतो, आणि ड्रिल नेमका कोनच्या शेजारी चालवायचा असतो. टॉपसाठी दंडगोल डोकंच. मंडळात ज्याच्या हाती की येईल तो ती घालणार, हे धरूनच चालायचं.

टी-नट एम-५चे घेतले, चार दात्यांचे. स्वतःच्या जोडीसाठी आठ नंबरचे पाऊण इंची पत्रा स्क्रू, बसक्या गोल डोक्याचे, आणि थोडे एम-४चे इन्सर्ट नट (आतून-बाहेरून आटे असलेल्या, फळीत फिरवून बसवायच्या नळ्या). एमडीएफला चिपबोर्ड स्क्रू सोडून पत्रा स्क्रू का, ते पुढे येईल.

२१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामी, पेठांतले रस्ते बंद. कुठे जाणं नाही, म्हणून एमडीएफच्या तुकड्यावर चाचण्या.

एमडीएफमध्ये रेषा नसतात, दिशा नसते. दोन्ही पृष्ठभाग घट्ट दाबलेले, मधला गाभा सैल. सुताराचा जुना लाकडी स्क्रू देठाशी जाड आणि टोकाकडे बारीक होत जातो. एमडीएफमध्ये तो पाचर मारल्यासारखा फळी फाकवतो. पत्रा स्क्रूची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी, आटे थेट डोक्यापर्यंत आणि धारदार. तो फळी कापत जातो, फाकवत नाही. चिपबोर्ड स्क्रूही सरळच असतो, पण या मापात मला मिळाले ते सगळे शंकूच्या डोक्याचे.

वूफरचा कटआउट, म्हणजे फळीत कापलेलं गोल भोक, १४६ मिमी, स्क्रूच्या भोकांचं वर्तुळ १५७ मिमी. म्हणजे स्क्रूचा मध्य आणि कापलेली कड यांत फक्त साडेपाच मिमी. तुकड्यावर तेवढ्याच अंतरावर खुणा केल्या.

आधी भोक न पाडता स्क्रू मारला: कडेला उभी चीर, वर स्क्रूभोवती फुगवटा. अडीच मिमीचं भोक पाडून: चीर नाही, पण फुगवटा आहेच. बोट फिरवलं की कळतो, नखाला अडतो. हा फुगवटा छोटा वाटतो पण नडतो तोच. ड्रायव्हरची कड त्या उंचवट्यांवर टेकते, दोन स्क्रूंच्या मधे फट राहते आणि बंद पेटीतून हवा फुसफुसते. लोक मग फोमची जाड पट्टी लावतात, आणि पट्टी दबावी म्हणून आणखी आवळतात, की आटे गेलेच.

३ मिमीचं भोक आणि तोंडाशी मोठ्या बिटने हातानेच अर्धा वेढा, एवढीशी वाटी होईल इतका. आता स्क्रू आत गेल्यावर उचललेले तंतू त्या वाटीत मावतात आणि पृष्ठभाग सपाट राहतो. आठ नंबरचा स्क्रू बाहेरून ४.२ मिमी, गाभा ३ मिमीच्या आसपास. म्हणजे भोक गाभ्याइतकं, आटे मात्र पूर्ण लाकडात.

त्यानंतर फेवीक्विक. स्क्रू एकदा आत घालून काढायचा, म्हणजे आटे उमटतात. भोकात दोन थेंब, आणि पूर्ण वाळू द्यायचं. ओलं असताना स्क्रू घातला तर तो तिथेच राहिला समजा. एमडीएफ ते पिऊन टाकतं आणि आट्यांची भिंत कडक होते. पुन्हा स्क्रू घालताना हाताला फरक कळतो: आधी साबणात जातोय असं वाटायचं, आता शेवटी ठाम थांबतो. एक पथ्य, हे काम ड्रायव्हर खोलीत नसताना करायचं. त्याची वाफ काळ्या रबरावर आणि डोमवर पांढुरकी बुरशी आल्यासारखी बसते.

२२ जून

एम-४ इन्सर्ट नटचं काय? बाहेरचे आटे ८ मिमी, म्हणजे मध्यापासून ४. कड साडेपाच मिमीवर. मधे दीड मिमी एमडीएफ उरतं. तुकड्यावर घालून बघितला, कडेचा पापुद्रा सरळ निघून आला. टी-नटचा तर प्रश्नच नाही, त्याची चकती कटआउटमध्येच डोकावेल.

म्हणजे मनात इन्सर्ट असले तरी या वूफरला ते बसत नाहीत. मागून प्लायची रिंग चिकटवता येईल, पण १८ मिमीच्या फळीत कड बसवायला ५ मिमीचा खड्डा घेतलाय, उरले १३. त्यावर रिंग चढवली तर वूफरच्या मागची हवा कोंडते. उलट मला मागच्या काठाला राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) उतार द्यायचाय, जेणेकरून कोनला मागे श्वास घेता यावा. तो उतारही सलग नाही द्यायचा. स्क्रूच्या जागी लाकडाचे खांब राखून मधल्या मधे.

मग दुसऱ्या टोकाने विचार केला. बुकशेल्फचा वूफर सारखा का निघतो? क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळे करून दोघांना वाटणारं सर्किट, बदलायला. त्यातली कॉइल बदल, कपॅसिटर बदल, ऐक, पुन्हा उघड. तर क्रॉसओव्हर बाहेर ठेवायचा. पेटीच्या मागून चार तारा बाहेर काढायच्या, दोन वूफरच्या, दोन ट्वीटरच्या, आणि ट्यूनिंग संपेपर्यंत सर्किट टेबलावर. वूफर बसला की एकदाच. भारी नट शोधण्यापेक्षा उघडण्याची वेळच कमी करणं स्वस्त.

स्क्रूची लांबी: १९ मिमी, त्यातले कड आणि गॅस्केट (कडेखालची हवा अडवणारी पट्टी) मिळून ५ गेले, १४ आत. फळी १३. टोक एक मिमी मागे बाहेर येईल. येऊ दे. स्क्रूचं टोकदार तोंड तसंही काही धरत नाही; ते बाहेर गेलं की पूर्ण आटे फळीत बसतात. फक्त मागून तार तिथून न्यायची नाही.

२९ जून

टॉपची पुढची फळी. कटआउट २८२, भोकांचं वर्तुळ २९६. स्क्रूच्या मध्यापासून कड ७ मिमी. टी-नटची चकती १७ मिमी व्यासाची, म्हणजे साडेआठ त्रिज्या. दीड मिमी कटआउटमध्ये घुसते आणि ड्रायव्हरच्या बास्केटला (सांगाड्याला) अडते. म्हणून प्रत्येक चकतीची एक बाजू कानशीने सपाट केली. व्हाइसमध्ये थेट धरलं तर नळीचे आटे चेपतात, म्हणून आत बोल्ट घालून बोल्टचं डोकं धरलं.

कानशीचं काम बाल्कनीत, ड्रायव्हरपासून लांब. कॉइलच्या भोवतीची फट मिलीमीटरच्या अंशात असते आणि मॅग्नेट लोखंडाचा कीस हातभरावरूनही सोडत नाही. एकदा आत गेलेला कण बाहेर काढणं म्हणजे डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) फाडणं. काम झाल्यावर जुन्या स्पीकरचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडे फिरवलं, पिशवी उलटी केली, कीस पिशवीत. मग कपडे बदलले.

जुनी भोकं फाकून पाच मिमीची झाली होती. टी-नटच्या नळीला साडेसहाचं भोक लागतं, त्यात जुनं भोक खपून जातं. हा मोठाच फायदा. नाहीतर प्रत्येक भोकात खुंटी ठोकून नव्याने पाडावं लागलं असतं. दोन ठिकाणी मात्र प्लायचे थर सुटले होते. तिथे सिरिंजने फेविकॉल भरून क्लॅम्प लावून ठेवले.

मिस्त्री येऊन बघून गेले. म्हणाले, "साहेब, टी-नट कशाला? आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरा, परत तोच स्क्रू मारा. आम्ही दरवाज्याच्या बिजागरीला तेच करतो." बिजागरीला चालतंच. बिजागरी दर वर्षी कुणी उतरवत नाही.

भोकं पुढून पाडली, मागे फळीचा तुकडा दाबून धरून, म्हणजे मागचा पापुद्रा उचकटत नाही. सरळपणाला महत्त्व आहे: बोल्ट तिरका गेला की टी-नटमध्ये आटे एकावर एक चढतात, आणि मग बोल्टसोबत नटच फिरायला लागतो.

६ जुलै

आषाढी. उपासाचं खाऊन दुपारी टी-नट बसवले. हातोडीने ठोकले नाहीत. ठोकलेला नट तिरका बसतो आणि मागचा थर तडकतो. मागून नट ठेवायचा, पुढून मोठा वॉशर आणि लांब बोल्ट, आणि पान्याने हळूहळू ओढून घ्यायचा. दाते लाकडात शिरताना बारीक कुरकुर ऐकू येते, चकती टेकली की बोल्ट एकदम जड होतो. तिथे थांबायचं.

चकतीखाली ॲराल्डाइटचा पातळ लेप, नळीत जाऊ न देता. बोल्टच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण लावलं होतं, म्हणून ओघळलंच तरी तो चिकटणार नाही. टी-नटचं खरं दुखणं हेच असतं: बोल्ट अर्धवट काढून कुणी पुढून ढकललं की नट मागे पेटीत गळून पडतो. मग आठातला एक नट पेटीत खुळखुळतोय आणि ड्रायव्हर काढल्याशिवाय तो सापडत नाही.

१२ जुलै

हत्यारांबद्दल, कारण निम्मे कोन हत्यारानेच फाटतात.

साध्या स्टार स्क्रूच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. ताण वाढला की बिट वर सरकून खाचेतून निसटतं. एरवी त्याचं काही वाटत नाही, इथे मात्र निसटलेलं बिट जिथे जातं तिथे रबरी सराउंड (कोनभोवतीची लवचीक किनार) असतो. वर मॅग्नेट त्याला ओढत असतं. बारा इंचीच्या कडेजवळ स्टीलचं बिट नेलं की हात किंचित आत खेचल्याचं जाणवतं. ट्वीटर लहान म्हणून गाफील राहू नये: निओडिमियमच्या मॅग्नेटचा असेल तर ॲलन की बोटांतून सुटून थेट डोमवर जाऊन बसते. म्हणून पुठ्ठ्याची चकती कापून कोनवर ठेवतो, मध्ये पकडायला चिकटपट्टीचा कान. ट्वीटरला त्याच्या खोक्यातलं प्लास्टिकचं झाकण.

ॲलन बोल्टची भिंत सरळ, की निसटत नाही. पत्रा स्क्रू मात्र स्टार खाचेचेच मिळाले. त्यांना बिट नेमक्या मापाचं, आणि दुसरा हात बिटभोवती मुठीसारखा.

खाचेच्या चार पाकळ्यांच्या मधे बारीक चार रेघा असतील तर तो पोझी, साधा स्टार नव्हे. त्याला पोझीचंच बिट. दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात.

बॅटरीचा ड्रिल या कामाला नाही म्हणजे नाही.

२० जुलै

टॉपमध्ये ड्रायव्हर बसवले. पेटी पाठीवर आडवी, ड्रायव्हर वरून सोडला. उभ्या पेटीत एका हाताने सहा किलो धरून दुसऱ्याने बोल्ट लावायचा उद्योग करू नये.

गॅस्केट: बंद पेशींच्या रबरी फोमची पट्टी, ३ मिमी जाड. सोफ्याचा मऊ फोम हवा सोडतो, तो नको. जोड दोन भोकांच्या मधे येईल असा ठेवला. कड आणि गॅस्केट मिळून दबल्यावर ५ मिमी, फळी १८, तेव्हा एम-५ × २५ पुरतो, दोन मिमी मागे निघतो. जाळीचे क्लॅम्प ज्या चार ठिकाणी येतात तिथे ३० मिमी.

आधी सगळे बोल्ट बोटांनी दोन-दोन वेढे. मग समोरासमोर, चाकाचे नट आवळतात तसे, थोडं थोडं. ॲलन कीचं लांब टोक बोल्टमध्ये, आखूड टोक बोटांत. जास्त जोर लागूच शकत नाही. एका बाजूने आवळत गेलं की पत्र्याची बास्केट पिळते, कॉइल फटीत तिरकी होते आणि मग खरोखरच घासायला लागते. फर्र आवाज बंद करायला म्हणून आवळून आवळून कॉइल मारलेले ड्रायव्हर पाहिलेत मी.

थ्रेड लॉकर (आटे धरून ठेवणारं द्रव) लावू की नको, यावर बराच घोळ घातला. टेम्पोत हादरे आहेत, म्हणजे लावायला हवा. पण लॉकर धरलेला बोल्ट सोडवायला जो जोर लागतो, तो टी-नटच्या चार दात्यांना झेपेल याची खात्री नाही. नट फिरला की सगळंच मुसळ केरात. त्यामुळे नाही लावला. त्याऐवजी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कडेपर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसेल.

(घरच्या ट्वीटरला तर लॉकर अजिबात नाही. त्याची कड प्लास्टिकची, आणि हे द्रव बऱ्याच प्लास्टिकना तडे पाडतात.)

२७ जुलै

बुकशेल्फ. ट्वीटरचा कटआउट ७६, भोकांचं वर्तुळ ९४, कडेपर्यंत ९ मिमी. इथे एम-४ इन्सर्ट बसतो. पुढून घातला तर बोल्टची ओढ त्याला उपटायला बघते. म्हणून मागून, कॉलर मागच्या बाजूला ठेवून, म्हणजे बोल्ट आवळला की तो फळीतच रुततो. भोक त्याच्या गाभ्याच्या मापाचं, ॲराल्डाइट थोडं. ट्वीटर का इन्सर्टवर आणि वूफर का स्क्रूवर? ट्वीटर दोन प्रकारचे ऐकून बघायचेत, तो निघणार. वूफर नाही.

वूफर बसवताना एक सवय. स्क्रू आधीच्या भोकात परत घालताना प्रथम उलटा फिरवायचा, हलक्या हाताने. एका जागी तो टक् करून किंचित खाली बसतो. जुन्या आट्यांचं तोंड सापडलं. तिथून सुलटा. थेट सुलटा घातला तर तो जुन्या आट्यांशेजारी नवे कापतो, आणि दोन-तीनदा असं झालं की भोकात आटेच उरत नाहीत. दर वर्षी पेटी उघडणाऱ्यांना हे कुणी शिकवलं असतं तर टॉपचे जिप्सम स्क्रूसुद्धा आणखी दोन गणपती टिकले असते.

३ ऑगस्ट

गॅस्केट आठवडाभरात आणखी दबलं. दोन्ही कामांतले सगळे बोल्ट-स्क्रू पाव वेढा घेतात. टॉपच्या रेघा पुसून नव्या ओढल्या.

बुकशेल्फ बंद पेटीची, म्हणून हवेची चाचणी: वूफरचा कोन चारी बोटांनी सारखा आत दाबायचा आणि सोडायचा. सावकाश परत आला तर पेटी बंद आहे, पटकन उसळला तर कुठून तरी गळतंय. डावी सावकाश. उजवी जरा चपळ. वूफरची कड संशयित होती, पण साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडा आला तो मागच्या तारांच्या भोकातून. पुट्टी भरली. टॉपला ही चाचणी लागू नाही, त्यांना पोर्ट (हवा खेळायचं भोक) आहे. तिथे ४० ते २०० हर्ट्झचा सलग सूर सोडून कान लावला. ड्रायव्हरकडून काही नाही. ११० च्या आसपास हॉर्नच्या मागची तार फळीवर वाजत होती, ती बांधली.

मंडळाच्या खजिनदारांना बिल दिलं. कोन बदलायला काढलेल्या पैशांतून टी-नट, बोल्ट आणि फोम घेऊन बरेच उरले. ते म्हणाले, उरलेल्यांतून आणखी दोन टॉप घेता येतील का? नाही येणार.

१७ ऑगस्ट

काल दहीहंडी. टॉप टेम्पोतून शेजारच्या सोसायटीत जाऊन आले, भिजले, रात्री परत. आज जाळी काढून रेघा पाहिल्या.

ड्रायव्हर नुसते धरणारे बोल्ट सगळे जागच्या जागी. क्लॅम्पखालचे मात्र दोन फिरलेत, दोन्ही खालच्या कोपऱ्यातले, वेगवेगळ्या पेट्यांतले. क्लॅम्पचं रबर मऊ आहे. जाळी थरथरली की ते दबत जातं आणि बोल्टवरचा ताण निघून जातो. एकाच बोल्टकडून ड्रायव्हर आणि जाळी अशी दोन कामं घेतली की असंच होणार. जाळीचे क्लॅम्प तिथून काढून त्यांना स्वतंत्र भोकं दिली, कोपऱ्यात, फळी जिथे चांगली रुंद आहे तिथे, साध्या चिपबोर्ड स्क्रूने. त्या स्क्रूंचे आटे गेलेच तर जाळी वाजेल, ड्रायव्हर सुटणार नाही. ड्रायव्हरला आता आठही बोल्ट २५ मिमीचे.

दोन्ही पेट्यांच्या आत मार्करने लिहिलं: एम-५ × २५ स्टेनलेस, ४ मिमी की, समोरासमोर आवळा, ड्रिल वापरू नका. एक की आणि दोन जादा बोल्ट पिशवीत घालून केबलच्या खोक्यात ठेवलेत. सत्तावीस तारखेला गणपती, टॉप पंचवीसला खाली न्यायचे. बुकशेल्फचा दुसरा ट्वीटर अजून यायचाय.